मी लेकीला वर सोडून खाली धावले

प्रिय ताई,

मी एकेचाळीस वर्षांची आहे. मानेवाड्यात एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. माझं गाव किल्लारीजवळचं. १९९३ साली मी पाचवीत होते. त्या रात्री आम्ही गणपती बोळवून उशिरा झोपलो होतो. पहाटे भांडी वाजली. माझ्या अंगाला अंग लावून झोपलेला धाकटा भाऊ उठून बसला आणि म्हणाला, "अक्का, बघ." वर्षभर आमच्याकडे असे धक्के बसतच होते. मी त्याला म्हटलं, "नेहमीचंच आहे, झोप." पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. आजोबांनी मला दुपारी बाहेर काढलं. भाऊ सहा वर्षांचा होता.

दिवाळीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. गुरुजी जुन्या हजेरीपटावरून नावं घ्यायचे. एखाद्या नावाला "हजर" आलं नाही की क्षणभर थांबायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. तिसऱ्या दिवशी मध्येच हजेरीपट मिटून ते बाहेर गेले. पुढच्या वर्षी मामाने मला नागपूरला आणलं. इथे सगळ्यांनी माया केली, पण सगळे एकच म्हणायचे, "विसर आता." मी विसरल्यासारखं केलं. शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं. भाऊ भूकंपात गेला, एवढंच नवऱ्याला माहीत आहे.

४ डिसेंबरला सकाळी मी लेकीचा डबा भरत होते, ती टेबलाशी दूध पीत होती. मांडणीवरचे डबे किंचित वाजले. भानावर आले तेव्हा मी खाली पार्किंगमध्ये होते, अनवाणी, हातात पोळ्यांचं फडकं. लेक वर एकटी. धापा टाकत वर गेले तर ती दारात उभी. म्हणाली, "आई, तू मला सोडून का गेलीस?" मी म्हटलं, दूधवाल्याने हाक मारली. तिला ते पटलं नाही. आता मी अंघोळीला गेले तरी ती दाराबाहेर उभी राहते. तीही दहा वर्षांची आहे, पाचवीत. नवरा म्हणतो, नागपुरात काही झालंच नाही. सासूबाई म्हणतात, ते जुनं सांगून पोरीला घाबरवू नको. मला रोज पहाटे साडेतीनला जाग येते. मी कसली आई आहे, ताई? तिला काय सांगू?

एक आई

*

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीवर येते. तुझं पत्र चार पानी आहे. त्यातलं थोडंच इथे छापलंय, आणि तुझी ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

नवऱ्याच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. बुधवार, ४ डिसेंबर २०२४, सकाळी ७ वाजून २७ मिनिटं. तेलंगणातल्या मुलुगु जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. गडचिरोली, चंद्रपूर आणि आपल्या नागपुरापर्यंत तो जाणवला. ते ठिकाण इथून तीनशेहून जास्त किलोमीटरवर आहे. इतक्या लांबून आलेला हेलकावा रस्त्याने चालणाऱ्याला किंवा गाडीवर बसलेल्याला कळतही नाही. वरच्या मजल्यावर स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाला तो कळतो. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. त्याच्यापुढे ५.३ म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात साधारण विसावा भाग, आणि तोही एवढं अंतर कापून आलेला. म्हणून शहरात एक वीट पडली नाही आणि निम्म्या लोकांना पत्ताही लागला नाही. पण तुझ्या मांडणीवरचे डबे खरोखर वाजले होते. तुला भास झाला नव्हता. एवढा परिच्छेद त्यांना वाचून दाखव.

आता तुझ्या धावण्याबद्दल. भूकंपाच्या लाटा एकदम येत नाहीत. आधी पोचते ती वेगवान लाट. तिच्यात जोर कमी असतो. ती घरघर करते, भांडी खुळखुळवते. तिच्या मागून हळू चालणारी दुसरी लाट येते. ती जमिनीला आडवे हिसके देते आणि भिंती पडतात त्या तिच्याने. केंद्र लांब असेल तर दोन्हींमध्ये बरंच अंतर पडतं. केंद्र गावाजवळच असेल आणि जमिनीत फार खोल नसेल, तर मध्ये जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. किल्लारीला तसंच झालं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. त्या एक-दोन सेकंदांत तुझ्या मेंदूने एक गोष्ट शिकून घेतली: भांडी वाजली की पाठोपाठ माळवद, म्हणजे घराचं मातीचं छत, अंगावर येतं. ती शिकवण वही-पुस्तकात राहत नाही, हातापायांत उतरते.

विस्तवावर हात पडला की आपण आधी हात मागे घेतो, भाजल्याचं नंतर कळतं. डोक्यातला धोका ओळखणारा भाग विचार करणाऱ्या भागासाठी थांबत नाही, आणि लहानपणी मरण इतक्या जवळून पाहिलेल्या माणसात तर तो सदा दबा धरून बसलेला असतो. त्या सकाळी लेकीला सोडून जायचं असं तू ठरवलं नाहीस. ठरवणारी तू चार जिने उतरून झाल्यावर जागी झालीस, आणि जागी होताच धापा टाकत वर धावलीस. "मी कसली आई आहे" असं विचारताना ही वर जाणारी धाव तू हिशेबात धरलेली दिसत नाही. इमारत हलतेय अशी ज्या बाईची अजून खात्री होती, ती त्याच इमारतीत परत शिरली.

आणखी एक सांगते. तुझ्या गावातल्या घरात बाहेर पळणं हेच शहाणपणाचं होतं. दगड मातीत बसवून उभ्या केलेल्या दोन-दोन फुटी भिंती, दगडाला दगड बांधणारं आत काही नाही. वर लाकडावर रचलेलं मातीचं माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी आणखी माती घालायची, म्हणजे आज्याच्या काळापासून डोक्यावरचं वजन वाढतच गेलेलं. उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार, मायेनं बांधलेली घरं होती ती. ६.२ पेक्षा कितीतरी मोठे भूकंप माणसं सोसून उठतात. बावन्न गावं उद्ध्वस्त झाली आणि आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली ती त्या भिंतींखाली आणि त्या माळवदांखाली, भर झोपेत. तुझ्या शरीराने पळायची शिकवण एकतीस वर्षं जपून ठेवली. आता घर सिमेंट-लोखंडाच्या कॉलमांचं आहे हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते सांगता येतं, पुढे लिहिते.

पण त्याआधी मला तुझ्या पत्रातल्या एका ओळीपाशी थांबायचंय. "नेहमीचंच आहे, झोप." तू ती लिहून लगेच पुढे गेलीस आणि तिच्या खालची ओळ इतकी गिरवून खोडलीस की कागद फाटलाय. तुझं पत्र लेकीबद्दल आहे हे खरं, पण तुला पहाटे साडेतीनला उठवतं ते हे वाक्य आहे, असं मला वाटतं.

तर ऐक. किल्लारीच्या परिसरात १९९२ पासूनच धक्के बसत होते. सुरुवातीला माणसं घाबरून अंगणात झोपली. मग हळूहळू आत आली, कारण शेतं, ढोरं, पाऊस आणि सण कुणासाठी थांबत नाहीत. हे नेहमीचं आहे असं मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. घरात जे कानावर पडत होतं तेच तू भावाला सांगितलंस, आणि सांगितलंस ते त्याची भीती जावी म्हणून. ज्यांचा जन्म जमिनीखालच्या हालचाली अभ्यासण्यात गेला, त्यांच्या त्या वेळच्या नकाशातसुद्धा लातूर सगळ्यात कमी धोक्याच्या, झोन १ मध्ये होतं. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर जमीन, असंच सगळे धरून चालले होते. किल्लारीनंतर तो विचार मुळापासून तपासावा लागला. २००२ मध्ये नवा नकाशा आला. त्यात झोन १ काढूनच टाकला आणि लातूरचा भाग झोन ३ मध्ये गेला. देशभरच्या जाणत्यांना जे दिसलं नव्हतं ते पाचवीतल्या एका मुलीला दिसायला हवं होतं, असं तू इतकी वर्षं धरून चाललीस.

लहान धक्क्यांवरून मोठा येणार की नाही हे आजही कुणाला सांगता येत नाही. पालघर-डहाणूकडे नोव्हेंबर २०१८ पासून हजारो छोटे धक्के बसले, मोठा भूकंप आला नाही. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा तो भयंकर भूकंप झाला, आणि त्यानंतरही तिथल्या माणसांनी दशकानुदशकं लहान-मोठे धक्के अंगावर घेतले. तिथे कितीतरी घरांत कुठली तरी आई, कुठली तरी अक्का रात्री लेकराला थोपटत हेच म्हणत आली आहे, "नेहमीचंच आहे, झोप." लेकरं झोपतात, सकाळी उठून शाळेत जातात. तू तेच म्हणालीस, तेवढ्याच मायेनं.

आणि समजा, तू त्याला उठवलं असतंस. अंधार, दाराला कडी, हातात एक-दोन सेकंद, आणि सहा वर्षांचं पेंगुळलेलं पोर. हा हिशेब तू रात्री हजारदा केला असशील. पण माझी खात्री आहे, त्यात दर वेळी तू आजची, एकेचाळीस वर्षांची असतेस आणि दार उघडं असतं. एकदा तो दहा वर्षांच्या मुलीच्या हातापायांनी करून बघ. तुझ्या लेकीकडे बघ, तिच्या मनगटांकडे बघ, आणि मग सांग की तिने काय करायला हवं होतं.

तुझ्या भावाला भिंतीने मारलं. तुझ्या बोलण्याने नाही. त्याच्या कानावर शेवटचं पडलं ते त्याच्या अक्काचं धीर देणं होतं. हे मी तुझं समाधान व्हावं म्हणून लिहीत नाही. जे घडलं ते असंच होतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी तिकडे गेले होते. समाजकार्याचं शिक्षण घेत होते, वय तेवीस. आम्ही काही जणी मुलांमध्ये बसायचो. चित्रं काढायला कागद द्यायचो आणि ती चित्रं कशी बघायची हे आमचं आम्हालाच कळत नव्हतं. एक खेळ मात्र सगळीकडे चालायचा. दोघं-तिघं मिळून दगडांचं घर रचायची, त्यात काडीची माणसं निजवायची. मग एक जण उठून लाथ घालायचा आणि सगळी ओरडायची, "आला, आला!" की परत रचायला घ्यायची. मोठी माणसं चिडायची, दगड फेकून द्यायची. मीही एकदा तो खेळ थांबवला आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या गोष्टीला शब्द सापडत नाहीत ती मुलं खेळून सांगतात, हे मी पुढे शिकले. ती पोरं स्वतःला बरं करत होती. तुला तो खेळ तरी मिळाला होता का, कुणास ठाऊक. नागपुरात आल्यावर "विसर आता" मिळालं. मामा-मामींनी ते प्रेमापोटी म्हटलं, त्यांना दोष देऊ नकोस. पण विसर म्हणणं म्हणजे बोलू नको म्हणणंच होतं. न बोललेली गोष्ट जाते कुठे? तुझ्या बाबतीत ती पार्किंगपर्यंत घेऊन गेली.

तुझे ते गुरुजी माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. भूकंपानंतर त्या भागातली सुमारे बाराशे मुलं भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेली. गावोगावी तात्पुरत्या शाळा उभ्या राहिल्या. पाट्या-पुस्तकं आली. पण रिकाम्या नावांपाशी शिक्षकाने काय करायचं, हे त्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी एकट्याने ते ओढलं. हजेरीपट मिटून ते बाहेर गेले ते रडायला, असं मला वाटतं. ते तुमच्यासमोर रडले असते तर तुम्हा मुलांनाही रडता आलं असतं.

आता तुझ्या लेकीकडे येते.

सासूबाईंचं म्हणणं मला पटत नाही. त्या काळजीपोटी बोलतात, पण पोर घाबरलेली आहेच. तिला भूकंपाची भीती नाही. तिला भीती आहे की आई अचानक, काही न सांगता निघून जाते. अंघोळीच्या दाराबाहेर ती त्याचाच पहारा देते. आणि दूधवाल्याची थाप तिला कळलीय, म्हणजे आता ती दोन गोष्टी एकटीने सांभाळतेय: आई गेली, आणि आई खरं सांगत नाही. दहा वर्षांची मुलं मोकळी जागा स्वतःच्या मनाने भरतात, आणि बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देऊन भरतात. मी तिची आवडती नसेन, मी काहीतरी चुकले असेन. हे मी शाळांमध्ये काम करताना इतक्या वेळा पाहिलंय की तुला हात जोडून सांगते, तिला खरं सांग.

रात्री झोपताना सांगू नकोस. रविवारी सकाळी, नाहीतर शेंगा सोलताना, हाताला काहीतरी चाळा असेल अशा वेळी सांग. समोरासमोर बसवून "मला तुझ्याशी बोलायचंय" म्हटलंस की ती आधीच आकसेल. थोडंसंच सांग. तुझ्या शब्दांत असं काहीतरी: "त्या दिवशी दूधवाला आला नव्हता. मी तुला खोटं सांगितलं. मी तुझ्याएवढी होते तेव्हा आमच्या गावी मोठा भूकंप झाला. आमचं घर पडलं आणि माझा लहान भाऊ त्यात गेला. त्या दिवशी डबे वाजले तेव्हा मला क्षणभर तेच घर आठवलं आणि मी विचार करायच्या आत पळाले. तू वर होतीस हे मला खाली गेल्यावर कळलं. तू किती घाबरली असशील. माझं चुकलं."

"माझं चुकलं" हे म्हणच. वर मी तुला सांगितलं की तू ठरवून गेली नव्हतीस, ते तुझ्यासाठी. तिच्यासाठी, तिला एकटीला दारात उभं राहावं लागलं, हे घडलेलं आहे आणि त्याची माफी तिला मिळायला हवी. ढिगाऱ्याचं, प्रेतांचं, त्या दुपारचं सांगू नकोस. विचारलंच तर "ते तू मोठी झालीस की सांगेन" म्हण, आणि मोठी झाली की सांग. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. ती बहुतेक भलताच प्रश्न विचारेल, तुमच्याकडे म्हैस होती का, असा. त्याचंही उत्तर दे. दोन दिवसांनी ती पुन्हा येईल, तेव्हा खरा प्रश्न विचारेल. "मी आता कधीच असं करणार नाही" अशी शपथ मात्र घेऊ नकोस, कारण ते अजून तुझ्या हातात आलेलं नाही. त्याऐवजी पुढचं काम दोघी मिळून करा.

नागपूरला भूकंप होतच नाही, असं आपण सहज म्हणतो. २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला, तेव्हा मी इथेच होते. मे महिना, आम्ही सगळे गच्चीवर झोपलेलो. पहाटे साडेचारच्या आतच खाट हलली. खाटेखाली कुत्रं शिरलं असेल म्हणून बाबांनी हातातली काठी खाली फिरवली. जबलपुरात माणसं गेली होती हे नंतर बातम्यांत कळलं. तर धक्के इथे येतात, बाहेरून आणि दमून आलेले. २००२ च्या त्या नकाशात नागपूर सगळ्यात कमी धोक्याच्या झोन २ मध्ये आहे. पण हे सांगून मी तुला धीर देणार नाही. लातूरही तसंच होतं, असं तू म्हणशील आणि ते बरोबर असेल. तुला धीर यायचा तो तयारीने येईल.

चौथ्या मजल्यावरून जिन्याकडे पळणं धोक्याचं आहे. धक्का चालू असताना जिन्यात माणूस पडतो, चेंगरतो. लिफ्टचा तर विचारही नको. जमीन हलू लागली की जिथे आहोत तिथेच गुडघ्यांवर खाली यायचं, भक्कम टेबलाखाली शिरायचं, एका हाताने डोकं आणि मान झाकायची, दुसऱ्या हाताने टेबलाचा पाय धरून ठेवायचा. टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरकायचं. हलणं थांबल्यावर गॅस बंद करून, चपला घालून, जिन्याने खाली. टेबल जवळ नसेल तर आतल्या भिंतीशी, खिडकी आणि काचेच्या शोकेसपासून दूर, डोकं हातांत घेऊन बसायचं. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीने आवळून घे. मांडणीच्या वरच्या फळीवरची जड पितळी भांडी खाली आण. पलंगाच्या डोक्याशी काही टांगलं असेल तर काढ.

हे सगळं लेकीला "शिकवू" नकोस, तिच्याबरोबर कर. तुझ्या जेवणाच्या टेबलाखाली तुम्ही दोघी मावता का ते बघा. आठवड्यातून एकदा, काही दिवस. तिने "आला!" म्हणायचं आणि दोघींनी शिरायचं. हसू येईल, येऊ दे. त्यात तुझ्या शरीराला दुसरी वाट कळायला लागेल: डबे वाजले की खाली, टेबलाशी, लेकीपाशी. एकदा-दोनदा करून ते उतरणार नाही. एकतीस वर्षांच्या सवयीशी गाठ आहे, वेळ दे. नवऱ्यालाही त्यात घे. त्या निमित्ताने त्यांना बाकीचं सांगणं सोपं जाईल. तुझ्यावर काय गुजरलं हे त्यांना माहीतच नाही, मग "काही झालं नाही" असंच ते म्हणणार.

लेकीचं दाराबाहेर उभं राहणं यानंतर कमी व्हायला लागेल. तोवर बाथरूममधून तिच्याशी बोलत राहा, गाणं म्हण, आवाज येऊ दे. महिनाभराने फरक दिसला नाही, किंवा ती शाळेत जायला नको म्हणू लागली, तर तिलाही तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे ने.

"तुझ्याबरोबर" म्हटलं, कारण तुला जायचंच आहे. पहाटेची जाग, कडी न लावता झोपणं, चपला दाराशी सरळ करून ठेवणं, खाणीतल्या सुरुंगाने काच थरथरली की अंगाला सुटणारा घाम, सप्टेंबर आला की जेवण न जाणं, हे सगळं तू पत्रात "माझे विचित्र प्रकार" म्हणून लिहिलंयस. ते विचित्र नाहीत. आघातानंतर मागे राहणाऱ्या त्रासाची ही ओळखीची लक्षणं आहेत, डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. तुला तेच आहे का हे ते तपासून सांगतील. तीस वर्षांनी उपचार घेतले तरी उपयोग होतो. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, मिहानला एम्स आहे. गर्दी असते आणि पहिल्या भेटीत गोळ्या लिहून देऊन पाठवतील अशी शक्यता आहे. गोळ्या घ्यायला हरकत नाही, झोप लागेल. पण तिथेच थांबू नकोस. "मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटायचंय, लहानपणच्या आघातावर काम करायचंय," असं स्पष्ट सांग. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी आणि ईएमडीआर या दोन पद्धती अशा त्रासावर वापरल्या जातात. हे शब्द कागदावर लिहून ने. त्यात ती पहाट एका सुरक्षित खोलीत, जाणत्या माणसासमोर, तुझ्या वेगाने पुन्हा बघायची असते. सुरुवातीचे काही आठवडे जड जातात, ते धरून चाल. जाण्याआधी नुसतं कुणाशी बोलावंसं वाटलं, अगदी पहाटे साडेतीनलासुद्धा, तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

दर ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी मानवंदना दिली जाते. तिथे जावं का, असं तू शेवटी विचारलंयस. जा, पण या वर्षी नको. आधी उपचार सुरू होऊ देत, लेकीला आणि नवऱ्याला सगळं माहीत होऊ दे. मग तिघं मिळून जा.

एक राहिलं. चार पानांत तू मामाचं नाव लिहिलंयस, गुरुजींचं लिहिलंयस, तुमच्या बैलाचं सुद्धा. भावाचं कुठेच नाही. सगळीकडे "माझा भाऊ." मी दोनदा शोधलं. लेकीला सांगशील तेव्हा त्याच्या नावानेच सांग. त्याला काय खायला आवडायचं, तो कशाला हसायचा, तुला अक्का म्हणून हाक कशी मारायचा, तेही सांग. आणि पुढचं पत्र लिहिशील तेव्हा मलाही त्याचं नाव कळव. ते मी छापणार नाही.

तुझी,
ताई